सव्वादोनचा हात

चांगुणाबाई कासारणीनं दैवशालाचा उजवा हात बघता बघता भरला. मग डावा हात आपल्या गुडघ्यावर ओढून घेतला, अंगठा आत मुडपला, बोटं चिमटीत दाबली आणि हिरवी बांगडी सरकवली. बांगडी अंगठ्याच्या बुडाशी जाऊन अडली. तिनं ती काढली, परत सरकवली. परत अडली. "अगं माय," चांगुणाबाई म्हणाली, "हा कोणाचा हात घेऊन बसल्या ओ ताई? तुमचा तर सव्वादोनचा हाय." खोलीतल्या बायका खो खो हसल्या. चांगुणाबाई मात्र हसली नाही. मोंढ्यातला व्यापारी पोत्यात हात घालून दाणा बघतो तशी ती त्या हाताकडं बघत होती. "वीस वर्सं झाली तुमाला भरून राह्यले. तोंड इसरंन, नाव इसरंन, पण हाताचं माप न्हाई इसरत मी. उजवा सव्वादोन. हा अडीच मागतो."

दैवशालाही हसली, पण सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा. काळजात धस्स झालेलं माणूस असंच हसतं, दुसऱ्यांचं बघून. खाटेवर तुळजाबाई बसली होती, दैवशालाच्या लेकीची, तृप्तीची, होणारी सासू. बस्त्यातल्या दोन साड्या बदलायच्या म्हणून सकाळच्या बसनं अंबडहून आली होती. जुन्या जालन्यात दुकानं जवळ, म्हणून साड्या बदलून झाल्या, जेवण झालं, आणि आता नवरीला आणि नवरीच्या आईला चुडा भरून होईस्तोवर थांबते म्हणाली. लग्न सहा दिवसांवर. तुळजाबाई पानाला चुना लावता लावता थांबली आणि तिनंही त्या हाताकडं बघितलं. "उन्हानं सुजला असंन," दैवशाला म्हणाली. "एकच सुजला?" चांगुणाबाईनं विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं, बिचारीनं आपलं सहज विचारलं. पण प्रश्न विचारला गेला आणि खोलीत पडून राहिला. शेवटी तुळजाबाईच म्हणाली, "पाणी उतरलं असंन. गर्भपिशवी काढल्यावर हुतं असं. मीठ कमी करा, विहीणबाई." त्यावर दैवशालाला इतकं हायसं वाटलं की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. "सव्वादोनच भरा," ती म्हणाली. "रुततील ओ." "रुतू द्या. पोरीच्या लग्नाचा चुडा. दोन हातांना दोन मापं बराबर दिसत न्हाईत." मग साबण आला. चांगुणाबाईनं हाताला फेस केला, ओठ दाबले आणि एकेक बांगडी आत लोटली. सात. वर कासारणीची स्वतःची एक, आशीर्वादाची. आठवी जाताना दैवशालाच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले, पण तिनं हूं की चूं केलं नाही. कोपऱ्यात तृप्ती बसली होती, दोन्ही हात वर धरून, बांगड्या वाळवत असल्यासारखी. तिनं एकदा आईकडं बघितलं आणि नजर वळवली.

तिला माहीत होतं. घरात तिघांनाच माहीत होतं: दैवशालाला, तिच्या नवऱ्याला म्हणजे राधेश्यामला, आणि तृप्तीला. त्या डाव्या हाताला सुई टोचायची नाही, बीपीचा पट्टा बांधायचा नाही, जड पिशवी धरायची नाही, आणि घट्ट बांगडी तर बिलकुल नाही. संभाजीनगरच्या दवाखान्यात तीन वर्षांपूर्वी एका पोरगेल्या डॉक्टरणीनं चित्रांचा कागद दिला होता. त्यात हाताचं चित्र, मनगटात बांगड्या, आणि बांगड्यांवर लाल फुली. ती फुली बघून दैवशालाला तेव्हा अंगावर काटा आला होता. जिवंत नवऱ्याच्या बायकोच्या बांगड्यांवर फुली मारतात का कोणी? डॉक्टरीण समजावत होती, काखेतल्या गाठी काढल्या म्हणजे हातातलं पाणी वर चढायचा रस्ता मोडला, आता हात जपायचा, सुजला तर लगेच यायचं, रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. दैवशाला मान हलवत होती आणि मनात एवढंच चाललं होतं की हा कागद घरी कुठं लपवायचा. तिनं तो बसमध्येच, सीटखालच्या फटीत कोंबला. पण फुली सोबत आली. आताही बायका पुढच्या गप्पांकडं वळल्या होत्या, कोणी आहेराचं बोलत होतं, कोणी उन्हाचं, आणि तिला आपल्या मनगटावर ती लाल फुली दिसत होती.

खोटं बोलायचं तर असं बोलावं की ऐकणाऱ्यानं पुढचा प्रश्नच विचारू नये. या बाबतीत दैवशालाचा हात धरणारं कोणी नव्हतं. छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिनं गल्लीत सांगितलं, गर्भपिशवी काढली. मराठवाड्यात गर्भपिशवी काढलेल्या बाईला कोण काय विचारणार? चार घरांआड एकीची काढलेली. उलट शेजारणीनं आपलीही गोष्ट सांगितली, तासन् तास. मग केमोनं केस गेले. तेव्हा राधेश्याम म्हणाला, "तिरुपतीला दिले म्हण." नवस होता, बाई बरी झाली, केस वाहिले. गल्लीतल्या बायका पाया पडायला आल्या! तिच्या टकल्या डोक्यावरून पदर घेऊन ती सोफ्यावर बसली होती, तोंडाला कोरड, जिभेवर फोड, पोटात ढवळत होतं, आणि एक म्हातारी तिच्या पायाला हात लावून म्हणाली, "भाग्याची गं बाई तू." प्रसाद मागितला तर काय द्यायचं? तृप्तीनं मारवाड्याकडून लाडू आणले आणि कागदात बांधून वाटले. तेव्हा तेवीस वर्षांची होती पोरगी, फार्मसी करत होती. ऑपरेशननंतर आईच्या कुशीत बसवलेली नळी तीच साफ करायची, बाटलीतलं लालसर पाणी तीच मोजायची आणि दार वाजलं की बाटली पलंगाखाली सारून, हात धुऊन, हसत दार उघडायची. किती सफाईनं करायची ती! दैवशालाला तेव्हा तिचं कौतुक वाटलं होतं, हे आता आठवलं की तिला गुदमरल्यासारखं व्हायचं. घरात त्या रोगाचं नाव कधी निघालं नाही. 'ते' म्हणायचे. 'ते' झालं तेव्हा. 'त्या'च्या गोळ्या. नाव घेतलं तर येतं म्हणतात, आणि एकदा येऊन गेलेल्याला तर हाकच पुरते.

तुळजाबाई संध्याकाळच्या बसनं गेली. जाताना तिनं दैवशालाचे दोन्ही हात हातात घेतले, पद्धत म्हणून. डाव्यावर तिचा अंगठा जरा जास्त वेळ राहिला, की दैवशालालाच तसं वाटलं, कोण जाणे. वाईट बाई नव्हती ती. सरळ होती. सरळ बाईचीच भीती जास्त. बघायच्या कार्यक्रमात तिनं तोंडावर विचारलं होतं, "घरात कोणाला शुगर, फिट, काही?" आणि दैवशाला म्हणाली होती, "न्हाई ओ. देवाच्या कृपेनं काही न्हाई." तृप्ती चहाचा ट्रे धरून उभी होती. तिच्या हातातला एकही कप हलला नाही.

दैवशाला एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कंपनीत होती, प्रयोगशाळेत. तिचं काम उगवण मोजायचं. पोत्यांच्या थप्पीतून नमुना यायचा, त्यातले शंभर दाणे ओल्या कागदावर मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, सात दिवसांनी उघडायची आणि मोजायचं, किती उगवले, किती वेडेवाकडे उगवले, किती कुजले. कुजलेले ठरल्यापेक्षा जास्त निघाले की सगळा लॉट नापास. थप्पीतल्या बाकीच्या लाखो दाण्यांना कोणी विचारत नाही. ते चांगले असतील, उद्या शेतात डुलले असते, पण नमुना नापास तर सगळंच नापास, हा नियम. सोळा वर्षं तिनं हाच नियम चालवला होता. आणि म्हणूनच तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती की लोक मुलगी बघायला येतात तेव्हा आधी आईकडं का बघतात. आपण नमुना आहोत. ही एक गोष्ट तिच्या डोक्यात इतकी पक्की बसली होती की पहिली दोन स्थळं आली तेव्हापासून तिनं संभाजीनगरला जायचंच सोडलं. त्याला कारणही घडलं होतं. दवाखान्याच्या दारात गल्लीतल्याच एका बाईचा भाऊ भेटला, "इकडं कुठं, काकू?" म्हणाला. "एकाला भेटाया आल्ते," ती म्हणाली. त्या दिवशी ती तपासणी न करताच बस धरून परत आली. त्याला आता सोळा महिने झाले. गोळी मात्र चालू होती. तृप्ती ज्या मेडिकलवर कामाला होती तिथून ती गोळी आणायची आणि कॅल्शियमच्या डबीत भरून ठेवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात जड होता. तिसऱ्या दिवशी बांगड्यांच्या वर आणि खाली मांस फुगून आलं, मध्ये बांगड्या रुतलेल्या, हिरव्या काचेच्या कडेनं लालसर वळ. तिनं तेल लावलं. साबण लावला. बोटांना दोरा गुंडाळून दोऱ्यावरून बांगडी सरकवायची युक्ती तिला येत होती, तीही केली. दोरा तेवढा निघाला. मग प्लॅस्टिकची पिशवी. मग हात उशीवर उंच ठेवून पडून राहिली आणि पंखा बघत बसली. एक उपाय राहिला होता आणि तो तिच्या मनात यायला लागला की ती मन दुसरीकडं लावायची. बांगडी फोडायची. सवाष्णीची, हिरवी, पोरीच्या लग्नाची! बांगडी फुटली असं म्हणायचंसुद्धा नसतं, वाढली म्हणायचं असतं. विटाळलेल्या शब्दासारखा तो शब्द घरात कोणी आणत नाही, आणि आपण हातानं काच फोडायची? राधेश्याम सळईच्या कारखान्यात सुपरवायझर होता. तो कामावरून आला, हात बघितला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "फोडून टाक की." आणि लगेच त्यानं स्वतःचीच जीभ चावली. "न्हाई, तसं न्हाई म्हणलो मी. लग्न होऊन जाऊ दे. मंग जाऊ जल्दी दवाखान्यात. चार दिवसांनी काय होतंय?" बायकोवर जीव होता त्याचा. केमोच्या दिवसांत त्यानं तिला लहान लेकरासारखं भरवलं होतं. पण आपल्या जिवाशी जोडलेल्या काचा फोडा असं कोणता नवरा दुसऱ्यांदा म्हणेल?

चौथ्या दिवशी ती कामावर गेली, कारण दुसऱ्या दिवसापासून रजा होती आणि बाजरीचे नऊ नमुने उघडायचे होते. हात पदरात घेऊन ती उजव्या हातानं मोजत होती. अकरा वाजता फोन वाजला. पडद्यावर 'गॅसवाला' आलं. तो गॅसवाला नव्हता. तो बुद्धभूषण होता. उपचार संपलेल्या बायकांना दवाखान्यातून फोन करणं हे त्याचं काम. सुरुवातीला तिला अवघड वाटायचं, पुरुषमाणूस असल्या गोष्टी विचारतो म्हणून. पण त्याचा आवाज घरच्या माणसासारखा होता आणि तो कधी घाईत नसायचा. दैवशाला बाहेर, पोत्यांच्या थप्पीमागं गेली.

"ताई, बुद्धभूषण बोलतोय. बोलायला वेळ हाय का?"

"हाय."

"हात सुजलाय का?"

"न्हाई."

"ताप? खोकला? पाठीत, हाडात दुखणं?"

"न्हाई."

"झोप?"

"लागती बराबर."

"तीन तारखा हुकल्या ताई तुमच्या. माझ्या यादीत तुमच्यापुढं सगळं 'न्हाई' हाय. लई छान हाय म्हणायचं, की तुम्ही मला काही सांगून न्हाई राह्यल्या?" तो हसला. ती हसली नाही. मग त्यानं नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला, जो तिला सगळ्यात नकोसा वाटायचा. "घरात कोणाशी बोलता का, ताई, याच्याबद्दल?" पोत्यांना औषधाचा उग्र वास येत होता. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि त्याच वेळी थंडी वाजत होती. सांगावं. एवढंच म्हणावं, की भाऊ, हात लाल झालाय. तो ओरडणार नव्हता. तिनं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "घरी लग्न हाय. नंतर येते." त्यानं विचारलं, "मुलीचं का? मागं म्हणलो होतो, त्यांना एकदा दाखवून घ्या. गाठी बहुतेक साध्याच असतात, घाबरायचं काम न्हाई, पण आईला झालेलं असलं की मुलीनं स्वतःला तपासत राहावं." मागच्या वेळी तो हे बोलला तेव्हा दैवशाला त्याच्यावर तुटून पडली होती, "जिभेला काही हाड हाय का तुमच्या? पोरगी कुवार हाय माझी." या वेळी तिनं नुसता फोन ठेवला आणि परत येऊन टेबलाशी बसली. तिनं बाजरीचा कागद उघडला आणि मोजायला लागली, पण सत्तरच्या पुढं आकडा टिकेना. चार वेळा मोजलं. मग अंदाजानं शहाऐंशी लिहिलं. सोळा वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं.

हळदीच्या दिवशी सकाळी उठताना तिचा हात तिच्यासोबत उठलाच नाही. तो उजव्या हातानं उचलावा लागला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी ताणून चकचकीत झाली होती, बोटं फुगली होती आणि आतल्या बाजूनं एक लाल रेघ काखेकडं चढत चालली होती. ती रेघ काल कोपराशी होती. तापानं डोळे जळत होते. ब्लाऊजची डावी बाही उसवून तिनं हात आत घातला, वरून पदर घेतला, पिन लावली. घर माणसांनी भरलं होतं. राधेश्यामची म्हातारी आत्या जात्याशी बसून ओव्या म्हणत होती, दारात मांडव, स्पीकरवर गाणी, कढईत काहीतरी तळत होतं. प्रत्येक वास दैवशालाला ओळखीचा वाटत होता. नेमके केमोच्या दिवसांतले वास. दहा वाजता अंबडची गाडी आली. तुळजाबाई आणि चार बायका नवरदेवाची उष्टी हळद घेऊन उतरल्या. तृप्तीला पाटावर बसवलं. पिवळी साडी, कपाळाला बाशिंग नाही अजून, केस मोकळे. बायकांनी हळद लावली, गालाला, हातांना, पावलांना. एका थट्टेखोर बाईनं गळ्याखाली हात नेला तेव्हा तृप्तीनं तो धरला आणि बाजूला केला, जरा जोरात. "लाजती बघा!" सगळ्या हसल्या. दैवशाला भिंतीला टेकून उभी होती. तिला ते हसणं लांबून, पाण्याखालून आल्यासारखं ऐकू आलं आणि भिंत मागं सरकली. ती सरकत्या भिंतीबरोबर मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून गाद्यांच्या ढिगावर बसली.

थोड्या वेळानं दार उघडून तृप्ती आत आली. हळदीनं माखलेली. तिच्या हातात वडिलांची पक्कड होती. तिनं कडी लावली, आईच्या समोर बसली, तिचा हात मांडीवर घेतला आणि त्या रेघेवर एक बोट फिरवलं. "किती दिवसांपासून?" "काल." "मम्मी, खोटं नको." "चार." "ह्यानं मरत्यात माणसं, माहिताय ना तुला?" दैवशालानं मान हलवली. "फोडायच्या न्हाईत," ती कशीबशी म्हणाली, "तुझं लग्न..." "वाढवून राह्यले," तृप्ती म्हणाली, "फोडून न्हाई." आणि तिनं पहिली बांगडी पकडीत धरली. कट् आवाज झाला. बाहेर गाणी चालूच होती. दुसरी. तिसरी. मांसात रुतलेल्या दोन बांगड्यांखाली तिनं चमच्याचं टोक घातलं तेव्हा दैवशालानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. आठ झाल्या. काचा तृप्तीनं वर्तमानपत्रात गोळा केल्या. हाताला थोडं रक्त आलं होतं आणि मोकळ्या झालेल्या मनगटात इतक्या जोरात रक्त धावलं की दैवशालाला रडू कोसळलं. खूप दिवसांनी रडली ती, आवाज न करता, तोंड वाकडं करून. पोरीच्या हळदीच्या हातांत तिचा हात होता आणि तिला वाटत होतं, एवढी शहाणी पोरगी माझ्या पोटी आली, आता हिचं चांगलं होऊ दे, बास, दुसरं काही नको.

"उद्याचं लग्न होऊ दे," ती नाक पुसत म्हणाली. "परवा जाते मी दवाखान्यात. तुझी शप्पथ."

"थांब मंग," तृप्ती म्हणाली. ती काचांचा कागद नीट घडी करत होती. "मी बी सोबत येते. मला बी दाखवायचंय."

"काय दाखवायचंय?"

"गाठ हाय. उजवीकडं. हरभऱ्याएवढी."

हे तिनं मीठ संपलंय म्हणावं तशा आवाजात सांगितलं. दैवशालाला आधी ते कळलंच नाही. मग कळलं, आणि तिच्या अंगातला ताप एका क्षणात उतरल्यासारखा झाला, सगळं थंड, सगळं स्पष्ट. खिडकीच्या गजावरची धूळसुद्धा तिला दिसली. "कव्हापासून?" "साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यापासून." म्हणजे तीन महिने. तीन महिने ही पोरगी मेडिकलवर उभी राहून लोकांना औषधं देत होती, साड्या निवडत होती, हसत होती. "मला कामून न्हाई सांगितलं?" तृप्तीनं पहिल्यांदा वर बघितलं. "सांगून काय झालं असतं, मम्मी? तूच म्हणली असतीस, लग्न होऊन जाऊ दे." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर दैवशालाला झेपला असता. "आणि कोणी विचारलं तर न्हाई म्हणायचं, एवढंच ना? येतं मला ते." तिनं आईचा चांगला हात धरला आणि पदराखाली नेला. दैवशालाच्या बोटांनी सोळा वर्षं दाणे चिवडले होते, डोळे झाकून कोणता भरीव आणि कोणता पोकळ ते सांगायची ती. ती गाठ तिच्या बोटांना लागली. सरकते की नाही, हे तिला काही केल्या कळेना. एकदा वाटलं सरकली. एकदा वाटलं, बोटच थरथरतंय.

तिनं हात काढला, फोन घेतला आणि 'गॅसवाला' लावला. दुसऱ्या रिंगला त्यानं उचलला. "बुद्धभूषण, माझा हात सुजलाय. लाल रेघ काखेपर्यंत गेलीय. ताप हाय. दर वेळी खोटं बोलले मी तुमच्याशी. आणि माझ्या पोरीला गाठ हाय." मग तो म्हणाला, "किती वाजता पोचताल?" ना रागावला, ना हळहळला. "आत्ता निघाले तर बारापर्यंत." "निघा. आधी हाताचं बघू, तापाचं लांबवायचं न्हाई. मुलीला सोनोग्राफी आजच करून घेऊ. मी दारात उभा राहतो, ताई." एवढं सोपं होतं ते. हे एवढं सोपं होतं याचाच तिला त्या क्षणी सगळ्यात जास्त संताप आला, स्वतःचा, आणि त्या सोळा महिन्यांचा.

तिनं कडी काढली. एक हात छातीशी, दुसऱ्या हातात तृप्तीचं मनगट. ओसरीत बायका बसल्या होत्या, तुळजाबाई मध्ये, हळदीचं ताट पुढ्यात. दैवशालाच्या उघड्या डाव्या मनगटाकडं पहिली नजर आत्याची गेली आणि तिची ओवी तुटली. "अवं," दैवशालानं मांडवात उभ्या असलेल्या राधेश्यामला हाक मारली, "गाडी काढा. संभाजीनगरला जायचंय." "आत्ता?" "आत्ता." राधेश्यामनं तिच्या हाताकडं बघितलं, मग पोरीकडं, आणि काही न विचारता खिशात किल्ली चाचपत निघाला. आत्या ओरडली, "येड लागलं का गं? हळद लागली, आता पोरीनं उंबरा वलांडायचा नसतो!" कोणीतरी स्पीकर बंद केला. तुळजाबाई उठली. तिच्या हातावर आपल्या मुलाची उष्टी हळद होती. "विहीणबाई, हळदीची पोरगी कुठं घेऊन चालल्या?"

तीन वर्षं जो शब्द घरात आला नव्हता तो दैवशालाच्या जिभेवर होता आणि तो कसा उच्चारायचा हेच तिला क्षणभर सुचेना. "मला कॅन्सर झाल्ता," ती म्हणाली. "छातीचा. गर्भपिशवीचं खोटं होतं. तिरुपतीचं बी खोटं होतं. आता पोरीला गाठ आलीय. कसली हाय माहीत न्हाई. दाखवाया नेऊन राह्यले." ओसरीतल्या एकीनं मांडीवरच्या लेकराला जवळ ओढून घेतलं. ते दैवशालानं पाहिलं, आणि तृप्तीनंही.

"हे आमाला आधी कामून न्हाई सांगितलं?" तुळजाबाईनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"सांगितलं असतं तर आज ही हळद घेऊन आल्या असत्या का तुम्ही?"

तुळजाबाईनं आपल्या पिवळ्या हाताकडं बघितलं. तिनं खरंच विचार केला. वेळ मारून नेणारी बाई नव्हती ती.

"न्हाई," ती म्हणाली. "नस्ते आले."

तृप्तीच्या मनगटाची नाडी दैवशालाच्या बोटांखाली जोरजोरात उडत होती. बाहेर राधेश्यामनं गाडी सुरू केली. "चल," दैवशाला म्हणाली, आणि पोरीनं उंबऱ्याबाहेर पाय टाकला.